बळकट बंदूक, दुबळी बंदूक : वरसई ते रोहे

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ आपल्याकडे प्रायः दोन कारणांसाठी वाचला जातो. एक, झाशीच्या वेढ्याची आत राहून पाहिलेली हकीकत म्हणून. दुसरे, मराठी प्रवासवर्णनाच्या आरंभकाळातील एक अस्सल नमुना म्हणून. पेण तालुक्यातील वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये घरचे कर्ज फेडण्याच्या विवंचनेत, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत हे ऐकून उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडाच्या वणव्यात सापडला. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये हे लेखन प्रसिद्ध केले. त्यावर त्यांनी किती हात फिरवला होता, हे पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली तेव्हा दिसले. या पाठभेदांची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती होणे योग्यच आहे. आम्हांला मात्र या ग्रंथाकडे आज एका वेगळ्याच दाराने जायचे आहे. ते दार बंदुकीचे आहे.

महूच्या वाटेवर गोडसे भटजींच्या कानी शिपायांकडून काडतुसांची हकीकत येते : नवी बंदूक आली, तिची काडतुसे दातांनी तोडावी लागतात, त्यांना चरबी लावलेली आहे, आणि म्हणून धर्म बुडणार. साहित्याच्या आणि इतिहासाच्या वर्गांत ही हकीकत सांगताना सगळा भर दातांवर आणि चरबीवर राहतो. चरबी मुळात लागत होती कशासाठी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उत्तर बंदुकीच्या नळीत आहे. १८५३ च्या नमुन्याची ही एन्फील्ड बंदूक पूर्वीच्या बंदुकांसारखी तोंडातूनच ठासायची होती. परंतु तिच्या नळीच्या आतल्या अंगास पिळाच्या चऱ्या पाडलेल्या होत्या. गोळी त्या चऱ्यांत घट्ट बसून गरगरत बाहेर पडे, म्हणून दूरवर आणि नेमकी जाई. गुळगुळीत नळीची बंदूक शंभर-दीडशे पावलांच्या पुढे भरवशाची नसे. ही कित्येक पट पुढे मार करी. पण घट्ट गोळी चऱ्यांच्या नळीत ठासायची आणि दारूची काजळी आत साचू द्यायची नाही, तर वंगण हवे. चरबी आली ती चऱ्यांच्या पाठोपाठ. ज्या गोष्टीने धर्म बुडण्याची भीती निर्माण केली, तिचा उगम बंदुकीला आलेल्या नव्या बळात होता.

बंड मोडल्यावर इंग्रजांनी काडतुसांचे काय केले हे सर्वांस ठाऊक असते. चऱ्यांचे काय केले हे फारसे ठाऊक नसते. हिंदी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची म्हणून जी बंदूक आली, ती दिसायला हुबेहूब एन्फील्डच होती, पण आतून नळी कोरून चऱ्या काढून टाकलेल्या. ०.५७७ इंचाची नळी कोरल्यावर साधारण ०.६५ इंचाची झाली. दूरचा नेम धरण्यासाठी जी सरकती माशी होती, तिच्या जागी एक साधा ठोकळा बसला. कारण दूरवर मारणारी नळीच उरली नव्हती. आता गंमत अशी, की नळी आतून कोरली म्हणजे तिची भिंत पातळ होते. या बंदुकांच्या नळ्या वापरात फुगू लागल्या, पोचू लागल्या. तेव्हा दुसऱ्याच वर्षी, १८५९ चा म्हणून नवा नमुना काढावा लागला. त्यात नळीची भिंत मुद्दाम जाड घेतली. म्हणजे दुबळी केलेली बंदूक दुबळेपणाने फुटू नये, म्हणून ती बळकट करावी लागली! शस्त्रांच्या इतिहासावरील ग्रंथांत हे दोन ओळींत आटोपते. आम्हांला ते दोन ओळींत आटोपण्याजोगे वाटत नाही. बंदूक बळकट करणे आणि बंदूक दुबळी करणे ही एकाच कारागिरीची दोन अंगे आहेत. कोणते अंग कोणाच्या वाट्यास येईल हे कारागीर ठरवीत नाही.

यानंतर जी बंदूक आली ती आमच्या विषयाचा गाभा आहे. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत नावारूपास आलेला संशोधक. त्याच्या यंत्रणेवर आधारलेली ली-मेटफर्ड १८८८ मध्ये ब्रिटिश फौजेत आली आणि १८९५ मध्ये तिचीच ली-एन्फील्ड झाली. (त्याच वर्षी पेण तालुक्यातील गागोद्यास विनोबांचा जन्म झाला. योगायोगास अर्थ चिकटवण्याची आम्हांला हौस नाही. पण नोंद करून ठेवावीशी वाटते.) या बंदुकीचा बोल्ट म्हणजे दाराचा अडसर समजावा. उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे रेटून खाली दाबला की नवे काडतूस नळीत जाऊन दार बंद. बार होतो तेव्हा स्फोटाचा सगळा धक्का या अडसरावर येतो, म्हणून तो कोठे अडकवला आहे यावर बंदुकीचे बळ अवलंबून. जर्मन माउझरचा अडसर पुढच्या टोकाला, नळीच्या अगदी तोंडाशी अडकतो. लीचा मागच्या अंगाला अडकतो. त्यामुळे लीचा बोल्ट थोडक्या हालचालीत, झपाट्याने चालतो. सरावलेला शिपाई दहा गोळ्या पाहता पाहता झाडतो. उलट, धक्क्याचा ताण अडसरापासून पाठीमागच्या पोलादापर्यंत सगळ्या अंगावर पसरतो आणि ते अंग किंचित ताणले जाते. लीच्या बंदुकीची चपळाई आणि तिचे उणेपण एकाच जागेतून निघतात. पुढे पाऊण शतक जे जे तिला बळकट करायला बसले, त्यांची गाठ याच जागेशी पडली.

हिंदी पलटणींच्या हाती ही बंदूक लगेच आली नाही. १८९७ च्या तिराह मोहिमेत गोऱ्या पलटणींकडे ली-मेटफर्ड होती आणि त्यांच्या बाजूला लढणाऱ्या हिंदी पलटणींकडे एकेक काडतूस भरायची जुनी मार्टिनी-हेन्री. एक पिढी मागे ठेवण्याचा हा शिरस्ता १८५७ चाच वारसा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो सैल झाला, आणि हुगळीच्या काठी इशापूर येथे, जुन्या दारूच्या कारखान्याच्या जागेवर, रायफलींचा कारखाना उभा राहिला. १९०७ च्या नमुन्याची आखूड ली-एन्फील्ड तेथे तयार होऊ लागली. तिची नळी ०.३०३ इंचाची, त्या आकड्यावरून आपल्याकडे तिचे नाव पडले 'थ्री-नॉट-थ्री'.

इशापूरच्या कारागिरांनी या बंदुकीत जे फेरफार केले त्यांत सर्वांत साधा आणि आम्हांला सर्वांत बोलका वाटणारा फेरफार म्हणजे एक आडवा स्क्रू. या बंदुकीच्या लाकडाचे दोन भाग असतात : खांद्यास टेकवायचा मागचा दस्ता, आणि नळीखाली पुढे गेलेले लांब लाकूड. पोलादाचे अंग या पुढच्या लाकडात बसवलेले असते. प्रत्येक बाराबरोबर पोलाद लाकडाला मागे रेटते आणि लाकूड रेषेरेषेने उकलू पाहते. इंग्लंडच्या थंड हवेत मुरलेल्या अक्रोडाच्या लाकडाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे चार महिने हवा पाणी पिऊन बसते आणि पुढे मे महिन्यात तीच सुकून तडकते; कोकणातल्या कोणत्याही घराच्या दारांना हे विचारावे. लाकूड फुगले की पोलाद त्यात घट्ट होते, सुकले की ढिले होते; आणि ढिल्या लाकडात बसलेले पोलाद प्रत्येक बाराला हातोड्यासारखे आदळते. इशापूरवाल्यांनी काय केले, तर मॅगझीनच्या पुढच्या बाजूस, चापाच्या कड्याच्या पुढील स्क्रूच्या जरा मागे, लाकडातून आरपार एक आडवा स्क्रू घातला. लाकूड उभे उकलू लागले तर तो दोन्ही बाजूंना एकत्र धरून ठेवतो. बस्स, इतकेच. जगभरचे संग्राहक आज या बंदुका हाताळताना प्रथम हा स्क्रू शोधतात आणि त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणतात. ज्याने तो पहिल्यांदा सुचवला त्याचे नाव मात्र या ओळखीत कोठेच नाही. बैलगाडीच्या दांडीला तडा जाऊ लागला की आपला गावचा सुतार जे करतो, तेच त्याने केले.

दुसरा फेरफार तारेचा. बंदुकीच्या तोंडाशी पेला बसवून त्यातून हातबॉम्ब फेकण्याची रीत पहिल्या महायुद्धात रूढ झाली. बॉम्ब गोळीपेक्षा कितीतरी जड. त्याचा उलटा धक्का लाकडाला सोसत नाही आणि नळी फाटण्याचेही भय. म्हणून नळी आणि लाकूड मिळून त्यांवर तारेचे घट्ट वेढे द्यायचे आणि ते डाक देऊन पक्के करायचे. नळी फाटलीच तर तुकडे शिपायाच्या तोंडावर येऊ नयेत, हा हेतू. असल्या बंदुका बहुधा जुन्या, झिजलेल्या, नेमबाजीस निकामी झालेल्या असत. त्यांच्याकडून नेमाची अपेक्षाच नसे. इशापूरने अशा तारवेढ्या बंदुका मोठ्या संख्येने तयार केल्या. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाला पट्टी बांधून त्याला अधिक ओझे वाहायला लावावे, तसा हा प्रकार.

याच कारखान्यात, याच बंदुकीवर, तिसराही एक फेरफार होत होता आणि तो उलट्या दिशेचा होता. थ्री-नॉट-थ्रीच्या जागी ०.४१० इंचाची गुळगुळीत नळी. मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा ठोकून बसवलेला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. काडतूसही वेगळे : थ्री-नॉट-थ्रीच्याच पितळी पुंगळीचे, पण तोंड अरुंद न केलेले. ही झाली पोलिसांची आणि पहारेकऱ्यांची 'मस्केट'. तिची काडतुसे आमच्या पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातही तयार होत. १८६९ मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याची 'के' आणि 'एफ' ही अक्षरे काडतुसाच्या बुडावर उमटवलेली सापडतात. या बंदुकीची रचना हेतूनेच अशी होती, की जवळच्या जमावावर ती पुरेशी पडावी, पण ती कोणी हिसकावून नेली वा पोलीसच उलटला तर फौजेपुढे तिचा निभाव लागू नये. १८५८ ची कोरलेली नळी पुन्हा अवतरली होती, फक्त आता तिला बोल्ट होता.

उरला रयतेचा प्रश्न. तिच्यासाठी १८७८ चा हत्यारांचा कायदा होता. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले आणि त्या शतकातील उरलेसुरले कोकणी बरकंदाज इतिहासजमा झाले. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर शतकाच्या आरंभी नेपाळात जाऊन कौलांच्या कारखान्याआड शस्त्रे तयार करण्याच्या खटपटीत होते, हे 'कीचकवध' शिकवताना सांगितले जाते ते एखाद्या रोमहर्षक आख्यायिकेसारखे. पण बंदूक 'तयार करण्यासाठी' सरहद्द ओलांडावी लागत होती, ही त्यातली खरी गोष्ट आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, पेणच्या शेजारीच, चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला. जमलेल्या आगरी, कोळी, कातकरी मंडळींच्या हाती रान तोडण्याची हत्यारे होती आणि समोर बंदुका होत्या. नाग्या कातकरी आणि त्याचे सोबती गोळ्यांना बळी पडले. मामलेदारही त्या दिवशी मारले गेले. जंगल सत्याग्रहावर लिहिताना आपण निःशस्त्र विरुद्ध सशस्त्र असा सरळ विरोध मांडतो. तो खराच आहे. पण त्या काळची हत्यारे ही तीन पायऱ्यांची उतरंड होती, आणि मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या शिपायाच्या हातातही सरकारने विश्वासाचे शस्त्र दिलेले नव्हते, हे त्या विरोधात हरवते.

येथे भाषेविषयी थोडे. मराठीत बंदुकीवरून आलेले वाक्प्रचार पाहावेत : ठासून भरणे, ठासून सांगणे, बार उडवणे, लग्नाचा बार, फुसका बार, फैरी झाडणे. 'ठासणे' हे तर तोंडातून भरायच्या बंदुकीचेच क्रियापद. 'बार' हा तिच्यात भरलेल्या दारूचा. काडतूस हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून, तो बोल्टच्या कितीतरी आधी येऊन बसलेला. बोल्टच्या बंदुकीने मात्र मराठीला एकही वाक्प्रचार दिल्याचे आम्हांस आढळत नाही. शंभर वर्षे ती डोळ्यांसमोर होती, पोलीस चौकीत, तुरुंगाच्या दारात, खजिन्यावर. तरी भाषेने तिच्याकडून फक्त एक इंग्रजी आकडा घेतला. ज्या वस्तूवर लोकांचा हात कधी पडत नाही तिच्यातून क्रियापदे निपजत नाहीत, असे आमचे अनुमान आहे. शब्दांच्या अभ्यासकांनी ते तपासून पाहावे.

स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या बंदुकांवरचा राजमुकुट जाऊन तेथे अशोकस्तंभाचे सिंह आले. आतली यंत्रणा तीच राहिली. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले तेव्हा भारतीय पायदळाच्या हाती प्रामुख्याने ही थ्री-नॉट-थ्रीच होती. त्या पराभवानंतर आपोआप भरणारी रायफल आणण्याची घाई झाली. परंतु तिचे उत्पादन पुरेसे होईपर्यंत मधला काळ कसा काढायचा? तेव्हा इशापूरने जे केले ते या बंदुकीच्या इतिहासातील अखेरचे आणि सर्वांत धाडसी बळकटीकरण होय. नव्या रायफलीचे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस जुन्या ली-एन्फील्डमधून झाडता यावे, अशी 'टू-ए' रायफल त्यांनी काढली. या काडतुसाचा दाब थ्री-नॉट-थ्रीपेक्षा अधिक. आणि अडसर तर मागेच अडकणारा. ब्रिटिशांनी हाच प्रयोग केला तो आपल्या नंतरच्या, मुळातच भक्कम बांधणीच्या 'नंबर ४' नमुन्यावर. इशापूरकडे तो नमुना नव्हता. १९०७ चाच आराखडा होता. त्यांनी आराखडा ठेवला आणि पोलाद बदलले. जुन्या बंदुकीला नवी नळी जोडून ही केली, असा समज परदेशी संग्राहकांत बराच काळ होता. तो खरा नाही. टू-एचे अंग आणि बोल्ट नव्याने, अधिक चांगल्या आणि विशेष पाणी दिलेल्या पोलादाचे घडवलेले होते. नव्या काडतुसाच्या बुडाला कड नसल्याने ते ओढून काढणारी आकडी बदलावी लागली. मॅगझीन चौकोनी आणि बारा गोळ्यांचे झाले. सुधारलेल्या 'टू-ए-वन'मध्ये नेमाची पट्टी २००० मीटरवरून ८०० मीटरवर आणली, हा आमच्या मते त्यातला सर्वांत शहाणा बदल. दोन हजार मीटरवर माणूस दिसतच नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही बंदूक तयार होत राहिली. बोल्टची रायफल म्हणून फौजेसाठी नव्याने आखून घडवलेल्या जगातल्या शेवटच्या काही नमुन्यांत तिची गणना होते.

फौजेने ती लवकरच बाजूला ठेवली. मग ती, आणि तिच्याबरोबर जुनी थ्री-नॉट-थ्रीही, कोठे गेली? जेथे जुनी हत्यारे नेहमी जातात तेथे : पोलिसांकडे. मस्केटच्या जागी फौजेची बंदूक आली म्हणून पोलीस शिपाई एक पायरी वर चढला खरा, पण तोवर ती पायरीच खाली सरकली होती. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते तेव्हा पोलिसांची तुकडी देवाला सशस्त्र मानवंदना देते. ही प्रथा ब्रिटिश अमदानीपासूनची सांगतात. अशा प्रसंगी बंदुकीचे बळ पाहायचे नसते, ती खांद्यावरून नीट उतरली आणि टाचेचा आवाज एकदम झाला की पुरे. परंतु २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जे पोलीस होते त्यांच्याही हाती लाठ्या आणि थ्री-नॉट-थ्रीच होत्या, आणि समोर एके-४७. त्या रात्रीनंतर राज्यांनी ही बंदूक वेगाने काढायला घेतली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलनात तिला रीतसर निरोप दिला. निरोपाच्या बातम्यांत तिच्या मजबुतीचे कौतुक होते. मजबूत ती होतीच. इशापूरच्या त्या अनाम सुतार-लोहारांनी तिच्यात जीव ओतला होता. पण मजबुती आणि पुरेसेपणा या दोन गोष्टी आहेत, आणि त्या एक समजल्या गेल्या म्हणून त्या फलाटावर काही माणसे विनाकारण उघडी पडली.

राहता राहिली उतरंडीची तिसरी पायरी. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला. थ्री-नॉट-थ्री ही सामान्य नागरिकास वर्ज्य असलेल्या नळीतच राहिली. परवानाधारकास मिळते ती ०.३१५ इंचाची रायफल, आणि तिचा आकडा मुळात निवडला गेला तोच फौजेच्या काडतुसांशी जुळू नये म्हणून. पेण-रोह्याच्या डोंगरकडेचा शेतकरी, ज्याच्या वाल-भाताच्या शेतात रात्री रानडुकरे शिरतात, त्याच्यासाठी या कायद्याच्या तेराव्या कलमात स्वतंत्र तरतूद आहे. पिकाच्या रक्षणासाठी त्याला परवाना द्यावा तो तोंडातून ठासायच्या बंदुकीचा. ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी देता येते. मात्र ती दुसरीही, कलमाच्या शब्दांत, गुळगुळीत नळीचीच असली पाहिजे.